जुन्या मॅसीचं ऑइल

नालवाडीत आता वावरांपेक्षा लेआउटच जास्त झाले. वर्धा शहर नागपूर रोडनं सरकत सरकत गावात शिरलं आणि आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना स्लॅबची घरं उभी राहिली. त्या रांगेत आमची लाल मॅसी उभी असते, तेव्हा नवे शेजारी तिच्याकडे जरा नवलानंच पाहतात. मॅसी फर्ग्युसन 1035, तीन सिलिंडर. इंजिन सिम्प्सनचं, मूळ घडण विलायतेतल्या पर्किन्सची. बाबांनी घेतलेली. त्यांच्यामागं ती माझ्याकडे आली, आणि तिच्यासोबत ऑइलबद्दलची अख्ख्या गावाची मतंही आली.

ट्रॅक्टरचं ऑइल हा असा विषय आहे की ज्याच्याकडे फक्त लुना आहे तोही त्यावर सल्ला देतो. दुकानात गेलं की निम्मी चर्चा कंपनीच्या नावावर आणि उरलेली जाडीवर. आमच्या शेजारच्या काकाजींचं मत ठाम आहे, “जुन्या गाडीले जाड ऑइल पायजे. पातळ टाकशील त सारं धुरात जाईल.” दुसऱ्याचं म्हणणं, सगळ्यात महाग डबा घ्या आणि दोन वर्षं झाकण उघडू नका. दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात आणि दोन्ही माझ्या मते चुकीचे आहेत.

डब्यावर 20डब्ल्यू-40 किंवा 15डब्ल्यू-40 असं लिहिलेलं असतं. पुढचा आकडा थंड इंजिनासाठी, मागचा तापलेल्या इंजिनासाठी. डब्ल्यू म्हणजे हिवाळा, पण तो हिवाळा बर्फाच्या मुलखातला. ती चाचणी शून्याच्या खाली पंधरा-वीस अंशांवर घेतात. आमच्याकडे थंडीत पारा दहा अंशांवर आला तरी लोक चौकात शेकोटी पेटवतात, आणि मे महिन्यात तो पंचेचाळीस ओलांडतो. तेव्हा वर्ध्यातल्या ट्रॅक्टरला मागचा 40 महत्त्वाचा, आणि तो दोन्ही डब्यांवर सारखाच आहे. पंधराच्या ऑइलचा फायदा एवढाच की सकाळी सेल्फ मारल्यावर ते रॉकरपर्यंत जरा लवकर पोचतं. मी जे मिळेल ते घेतो, पण एक घेतलं की तेच चालू ठेवतो.

यापेक्षा महत्त्वाची असतात ती त्याच डब्यावरची बारीक अक्षरं. एपीआय सीएफ-4, सीएच-4, सीआय-4 अशी. सी म्हणजे डिझेल इंजिनाचं ऑइल, आणि पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितकं ऑइल नवं. सीएफ-4 ची पायरी 1990 ची, सीएच-4 ची 1998 ची आणि सीआय-4 ची 2002 ची. नवं ऑइल जुन्या इंजिनाला चालतं. फक्त एक गोष्ट बघावी लागते. ज्या इंजिनात वर्षानुवर्षं हलक्या दर्जाचं ऑइल पडलं, त्याच्या पोटात काळा चिखल साचलेला असतो. त्यात एकदम धुणारं ऑइल टाकलं की तो चिखल सुटतो आणि फिल्टरवर, जाळीवर जाऊन बसतो. म्हणून पहिल्या वेळेला ते ऑइल निम्म्या तासांतच काढून टाकायचं, फिल्टरही बदलायचा, आणि मग नेहमीचा हिशोब धरायचा. आमचे मिस्त्री याला इंजिनाला जुलाब देणं म्हणतात.

ऑइलच्या काळ्या रंगाची भीतीही अशीच बिनबुडाची. नवं ऑइल टाकलं आणि चार दिवसांत ऑइल मोजायची काडी काळी निघाली की मालक दुकानदाराशी भांडायला जातो. डिझेल जळताना काजळी होणारच. ती लायनरवर आणि खोबणीत बसू न देता स्वतःत धरून ठेवणं हेच ऑइलचं काम. डिझेल इंजिनातलं ऑइल महिनोन्महिने सोन्यासारखं दिसत असेल तर मला उलट शंका येईल.

आता जाड ऑइलबद्दल. सायलेन्सरमधून निळा धूर येतो, ब्रीदरमधून वाफा निघतात, ऑइल कमी होत जातं. म्हणजे रिंगा आणि लायनर झिजले. त्यावर 20डब्ल्यू-50 टाकलं की धूर थोडा कमी दिसतो, हे खरं आहे. झीज मात्र तिथंच राहते. ट्रॅक्टर विकायचा असेल तर तो इलाज लागू पडतो आणि पुष्कळांनी तो तसाच वापरला आहे. जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यानं म्हणून काडीवरचं ऑइल बोटांत चोळून बघावं.

ऑइल किती तासांनी बदलायचं हे पुस्तिकेत असतं. बऱ्याच ट्रॅक्टरांत ते 250 तासांच्या आसपास आहे, काहींत कमी. अडचण अशी की जुन्या ट्रॅक्टरांचे तासांचे काटे कधीच बंद पडलेले असतात. चालू असला तरी जुना काटा घड्याळाप्रमाणे चालत नाही, इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे चालतो. कमी रेसवर तासभर ट्रॉली ओढली तर तो तासापेक्षा कमीच दाखवतो. आमचा काटा मेल्यावर मी डिझेलची वही घातली. कल्टीवेटर, ट्रॉली, थ्रेशर असं सगळं मिळून तासाला तीन-सव्वातीन लिटर धरलं तर 250 तासांचे साधारण 800 लिटर होतात. पंपावर भरलेलं डिझेल लिहीत जायचं, आठशेजवळ आलं की ऑइल बदलायचं. मला हा हिशोब काट्यापेक्षा बरा वाटतो, कारण जितकं डिझेल जळलं तितकीच काजळी ऑइलमध्ये उतरली. नांगरटीचा तास आणि रिकाम्या ट्रॉलीचा तास या वहीत आपोआप वेगळे पडतात.

आमच्याकडे बहुतेकजण दसऱ्याला ऑइल बदलतात. ट्रॅक्टर धुवायचा, हार घालायचा, नारळ फोडायचं, नवं ऑइल टाकायचं. भावना चांगली आहे, वेळ चुकीची. मे-जूनमध्ये नांगरटी, वखरणी, सोयाबीन-कपाशीची पेरणी अशी सगळी मेहनत झालेली असते. मग ते थकलेलं ऑइल, त्यातली आम्लं आणि पावसाळी ओल चेंबरमध्ये घेऊन ट्रॅक्टर सोयाबीन निघेपर्यंत पोरका उभा राहतो. मी पेरणी आटोपली की बदलतो. दसऱ्याला हार घालतो, नारळ फोडतो, आणि काडी बघून ठेवतो.

बदलायचं काम मी घरीच करतो. आधी ट्रॅक्टर वावरातून आणायचा किंवा दहा-पंधरा मिनिटं चालवायचा, म्हणजे ऑइल तापतं आणि तळातली घाण त्यात मिसळते. थंड ऑइल सोडलं तर वरचं चांगलं निघून जातं आणि खाली बसलेलं खालीच राहतं. ट्रॅक्टर सपाट जागी, खाली घमेलं, वरचं झाकण उघडं. चेंबरचा नट शेवटच्या आट्यावर आला की हात पटकन मागं घ्यायचा. धार आधी जाड, काळी, मधोमध थोडी वाकडी पडते, मग बारीक होते, मग थेंब. इथं लोक घाई करतात. थेंब थांबेपर्यंत चहा होतो, तो घ्यावा.

घमेल्यातलं ऑइल उन्हात धरून बघणं मला सगळ्या कामात जास्त आवडतं. त्यात चमक दिसली तर बेअरिंग किंवा बुश जातंय. ताकासारखं पांढरट झालं तर पाणी शिरलंय, बहुधा हेड गॅस्केटमधून. डिझेलचा वास येत असेल, आणि काडीवरची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर फीड पंप किंवा नोझल तपासायचं. ऑइल कमी झालं की माणूस घाबरतो, वाढलं की खूश होतो. खरं तर वाढलेली काडी जास्त वाईट. डिझेल मिसळलेलं ऑइल बेअरिंगला धरूनच राहत नाही.

फिल्टर काढताना जुनी रबरी रिंग खोबणीत चिकटून राहते. ती सुईनं काढावी लागते, नाहीतर नवी तिच्यावर बसते आणि ऑइल गळतं. नटाचा तांब्याचा वायसर चपटा झाला असेल तर नवा घालायचा. आमच्या मॅसीत सात लिटरच्या आसपास मावतं. साडेसात लिटरचा डबा आणला म्हणून पूर्ण ओतायचा नाही, काडीची वरची खूण आली की थांबायचं. मग इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून धरायचा आणि प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारायचा. काटा हलला की स्टॉप सोडायचा.

हे सगळं नीट केलं आणि एअर क्लीनर पाहिला नाही, तर ऑइलचे पैसे वाया गेले असं समजा. जुन्या ट्रॅक्टरांत ऑइल बाथ असतो. बाहेरची हवा खालच्या वाटीतल्या ऑइलवर आपटते, धूळ तिथंच राहते आणि हवा जाळीतून वर जाते. सोयाबीन आणि तुरीच्या थ्रेशरवर उभ्या ट्रॅक्टरची ही वाटी एका दिवसात चिखलानं भरते. मी एकदा गावातल्या एका ट्रॅक्टरची वाटी उघडली, तर ऑइल वर बोटभर आणि खाली गाळ इतका घट्ट की पेचकसानं खरवडावा लागला. मालक सांगत होता, “ऑइल त मी कंपनीचंच टाकतो ना भाऊ, मंग रिंगा काहून गेल्या?” रिंगा तिथं, त्या वाटीत गेल्या होत्या. आमच्या काळ्या मातीची धूळ लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते, आणि ती कोणतंही ऑइल थांबवत नाही. वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑइल भरणंही वाईट. इंजिन ते ओढून घेतं, आणि मग स्टॉप ओढूनही थांबत नाही. क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी वाकवून बघावी. तिला चीर असेल तर खालचा सगळा बंदोबस्त व्यर्थ.

काढलेल्या ऑइलचं काय करायचं, यावर नालवाडीत राहून थोडा विचार करावाच लागतो. विनोबा 1932 मध्ये इथं राहायला आले आणि सूत कातून त्या कमाईवर जगण्याचा प्रयोग त्यांनी इथं केला. तिकडे मगनवाडीत ग्रामोद्योग संघात झवेरभाई पटेलांनी तेलघाणी सुधारली, ती वर्धा घाणी म्हणून देशभर गेली. त्याच संघाचे कुमारप्पा लहान शेतात ट्रॅक्टर आणायच्या विरोधात होते. मी ट्रॅक्टर सोडणार नाही, बैलजोडी पोसणं आता मला झेपणारं नाही. पण बंडीच्या आसाला चिमूटभर वंगण पुरायचं आणि माझी मॅसी दर वेळेला सात लिटर काळं ऑइल मागं टाकते, हा हिशोब कुमारप्पांच्याच बाजूनं जातो. ते ऑइल धुऱ्यावर किंवा नालीत ओतलं की पावसात धाम नदीकडे निघालंच. मी ते डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला देतो. थोडं कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवीसाठी लावायचो, आता तेही बंद केलं, कारण विहीर जवळ आहे.

आणि एक विनंती. रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला मोठा खिळा ठोकून भोक पाडा आणि झाकण वेगळं टाका. बाजारातलं नकली ऑइल आपल्याच अशा चांगल्या डब्यांत भरून परत आपल्याकडे येतं.