परक्या मैदानावर

अवसरी बुद्रुकच्या आमच्या अंगणांत माझा धाकटा मुलगा संध्याकाळीं एकटाच भिंतीवर चेंडू टाकीत असतो. मनगटानें चेंडू कसा वळवावा, हें त्याला मींच शिकविलें. आणि सुभाष गुप्ते यांची हकीकतही मींच सांगितली. मुंबईचे हे लेगस्पिनर इंग्लंडांत लँकेशायर लीगमध्यें रिश्टन क्लबाकडून पगारी खेळाडू म्हणून खेळले. १९५८ सालीं कानपूरला त्यांनीं वेस्ट इंडीजचे ९ गडी १०२ धावांत बाद केले. पुढें १९६१ मध्यें, खोलींतल्या सोबत्यानें केलेल्या एका दूरध्वनीपायीं त्यांनाही संघाबाहेर काढण्यांत आलें. वय अवघें ३२. पुन्हां कसोटी सामना त्यांच्या नशिबीं आला नाहीं. ते पत्नीच्या माहेरीं, त्रिनिदादला, स्थायिक झाले आणि २००२ सालीं तेथेंच वारले.

परवां मुलानें विचारलें, “बाबा, मला परदेशांतून असें बोलावणें आलें, तर तुम्ही जाऊं द्याल?”

“देईन कीं,” मी चटकन म्हणालों. जेथें गुणाची कदर, तेथें माणसानें जावें, हें मलाही पटतें. परंतु त्या रात्रीं पुष्कळ वेळ झोंप लागली नाहीं. चेंडू वळवावयास मीं त्याला शिकविलें. घराकडे वळावयास कोणी शिकवावें?