घोडीसाठी स्थळ

२००३ साली असईच्या लढाईला दोनशे वर्षे झाली, तेव्हा आम्ही आमच्या मामांना घेऊन त्या गावी गेलो होतो. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातली ती जमीन आज पाहिली, तर येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या तोफा आणि इंग्रजांची फौज समोरासमोर उभी होती, हे सांगूनही पटत नाही. आम्ही वाचलेले सारे मामांना ऐकवीत होतो. आर्थर वेलस्लीच्या अंगाखालचा एक घोडा त्या दिवशी गोळीने पडला आणि दुसऱ्याला भाला लागला. त्या दुसऱ्या अरबी घोड्याचे नाव डायोमेड, असे आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले.

मामा थबकले. "काहीतरी घोळ करतोयस तू. डायोमेड तेव्हा अमेरिकेत होता."

दोघांचेही खरे होते. घोडे दोन होते. आमचा डायोमेड इतिहासाच्या पुस्तकातला आणि मामांचा डायोमेड वंशावळीच्या. मामा जनावरांचे डॉक्टर. जालन्याचे असूनही त्यांची सारी नोकरी पुण्याच्या बाजूला एका स्टड फार्मवर गेली. शर्यतीच्या घोड्यांची पैदास हा त्या भागातला जुना उद्योग. पूनावालांचा प्रसिद्ध फार्मही तिथलाच, १९४६ सालचा. मामांचा फार्म त्या मानाने लहान. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही.

त्या दुपारी नदीकाठी बसून मामांनी आपल्या डायोमेडची हकीकत सांगितली. १७८० साली इंग्लंडात पहिली डर्बी झाली, ती याने जिंकली. अशा घोड्याकडे घोड्या धाडण्यासाठी लोकांची रीघ लागणार हे ओघानेच आले. परंतु पुढे त्याच्या संततीने निराशा केली आणि त्याचे शुल्क उतरत उतरत दोन गिनींवर आले. १७९८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याला पन्नास गिनींना विकून अमेरिकेला धाडण्यात आले. माणसाच्या हिशेबाने बोलायचे तर म्हातारपणी घराबाहेर काढले. व्हर्जिनियात त्या म्हाताऱ्याने काय करावे? १८०५ साली त्याला सर आर्ची नावाचे शिंगरू झाले, आणि पुढे अमेरिकेतल्या शर्यतीच्या घोड्यांचा मोठा हिस्सा त्या वंशातून आला. सोळा वेळा वर्षातला सर्वोत्तम पिता ठरलेला लेक्झिंग्टन याच कुळातला. १८०८ साली डायोमेड वारला. "ज्यांनी पन्नास गिनींना विकला ते काय मूर्ख नव्हते," मामा म्हणाले, "त्यांनी समोर दिसत होतं त्यावरून ठरवलं. मीही तेच केलं."

शेवटचे वाक्य त्यांनी नदीकडे पाहत उच्चारले. ते कशाविषयी होते हे आम्हांस ठाऊक होते, कारण त्या निवडीत आमचाही हात होता.

१९९३ सालची दिवाळी. मामा जालन्यास आले ते दोन जाड पाकिटे आणि दोन व्हिडिओ कॅसेट घेऊन. फार्मचा जुना वळू थकला होता, नवा घोडा विलायतेहून आणायचा होता. मालकांनी दोन नावे मुक्रर केली होती. त्यांतले एक मामांनी सांगायचे. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता, म्हणून ती इंग्रजी कागदपत्रे मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम आम्हांकडे आले.

वाचकांपैकी पुष्कळांना या व्यवहाराची कल्पना नसेल, म्हणून थोडे सांगतो. थरोब्रेड ही बंद दाराची जात आहे. इंग्लंडातली तिची वंशावळीची वही १७९१ पासून छापली जाते, आणि जगातल्या कुठल्याही थरोब्रेडचे पितृकुळ मागे नेत गेलो तर ते बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तिघांपैकी एकाशी जाऊन थांबते. गाईम्हशींसारखे कृत्रिम रेतन येथे चालत नाही. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आली तरच शिंगराचे नाव वहीत चढते. त्यामुळे वळू निवडणे म्हणजे एखाद्या घोडीपुरता नव्हे, तर साऱ्या तबेल्याचा पुढच्या कित्येक वर्षांचा निर्णय. आणि त्याचा निकाल लागतो केव्हा? फेब्रुवारीत घोडी दाखवली तर अकरा महिन्यांनी शिंगरू. आपल्याकडे सर्व शर्यतीच्या घोड्यांचे वय एक जानेवारीपासून मोजतात; इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. म्हणजे घोडा घेतल्यापासून डर्बीपर्यंत पाच वर्षे. तोवर दर हंगामाला नव्या घोड्या त्याच्याकडे जातच असतात. उत्तर कळण्याआधी तोच प्रश्न पाच वेळा सोडवायचा, असा हा प्रकार आहे.

बरे, पैशाने तरी शाश्वती मिळावी! तीही नाही. १९८३ साली अमेरिकेत स्नाफी डान्सर नावाच्या एका वर्षाच्या शिंगरास एक कोटी दोन लाख डॉलर मोजले गेले. तो एकही शर्यत धावला नाही. वळू म्हणून उभा केला तर जवळजवळ वांझच निघाला. सलग सोळा शर्यती जिंकणाऱ्या सिगारकडून तर एकही घोडी गाभण राहिली नाही. मामा हे किस्से हसत सांगत. हसण्यामागे थोडी भीती असावी, असे आता वाटते.

पहिल्या पाकिटातला घोडा नामांकित होता. त्याच्या वंशावळीच्या पानावर ठळक अक्षरांत छापलेली नावे दाटीने बसली होती; मोठ्या शर्यती जिंकलेल्या वा त्यांत वरचा क्रमांक मिळवलेल्या घोड्यांचीच नावे तशी छापतात. आपले जुने अश्वपरीक्षक अंगावरचे भोवरे मोजत, देवमण शोधत, पंचकल्याणी घोडा दिसला की खूश होत. त्यांना आपण भाबडे म्हणतो. पण ती ठळक अक्षरे बोटाने मोजताना आम्हीही भोवरेच मोजत होतो, एवढे कबूल केले पाहिजे. दुसरा घोडा लांब पल्ल्याचा, उशिरा बहरलेला. त्याच्या पानावर ठळक नावे तुरळक.

मामांनी शर्यतींच्या चित्रफिती एकदाच पाहिल्या. नंतर ते शर्यतीआधी घोडे फिरवतात तेवढाच तुकडा पुनःपुन्हा मागे नेऊन पाहत राहिले. "धावताना सगळेच बघतात रे. चालताना बघ." पहिल्या घोड्याचा पुढचा उजवा पाय किंचित बाहेर पडत होता. आम्हांस तो दहाव्या खेपेस दिसला.

"एवढ्याशा दोषाने एवढा घोडा नाकारायचा?" आम्ही विचारले.

"घोडा कुठे नाकारतोय? आपल्या घोड्यांच्या अर्ध्या पोरी त्याच पायाच्या आहेत. स्थळ कितीही मोठं असू दे, बघायचं ते आपली मुलगी बघून."

दुसऱ्या दिवशी आम्ही मामांच्या धाकट्या भावाच्या शेतावर गेलो. जालन्यात बियाण्याचा धंदा १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको स्थापन केली तेव्हापासून वाढला. आसपासच्या कितीतरी शेतांत कपाशीचे बीजोत्पादन चाले. क्रॉसिंगचे काम संपत आले होते. संध्याकाळी बायका मादीच्या ओळींतल्या कळ्यांचे पुंकेसर हाताने काढून टाकतात आणि सकाळी नराच्या फुलातला पराग त्यांवर लावतात. नराच्या ओळी थोड्या, मादीच्या पुष्कळ. मामा बांधावर उभे राहून बराच वेळ ते पाहत होते. त्यांच्या घरच्यांना बोंड धरणाऱ्या झाडाची काळजी आधी, नराची नंतर. त्यांच्या धंद्यात मात्र सारी जाहिरात, सारी किंमत, सारे नाव नराचे. शिंगरात अर्धा वाटा घोडीचा, वर अकरा महिने पोटात आणि पुढचे सहा महिने दुधावर. खाण तशी माती ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेतल्या माणसाने तरी हे विसरू नये, असे ते म्हणाल्याचे आठवते.

मामांनी दुसऱ्या घोड्याचे नाव कळवले. मालकांनी ऐकले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे सुख त्यात नाही. घोडा आला, घोड्या गाभण राहिल्या, शिंगरे सरळ पायांची झाली. पण ती बापासारखीच सावकाश वाढणारी होती. शर्यतीच्या घोड्याचा मालक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वेग मागतो. चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत तबेल्याचा खर्च सोसून वाट पाहणारे थोडे. पहिल्या तुकडीने लहान अंतरावर काही केले नाही, तेव्हा दुसऱ्या तुकडीला गिऱ्हाईक मिळेना. नाकारलेला नामांकित घोडा मात्र दुसऱ्या एका देशात यशस्वी ठरला. ही बातमी फार्मवर ज्याने आणली, त्याने ती मामांच्या देखत दोनदा सांगितली म्हणे. १९९८ साली मामा निवृत्त झाले. पुढल्या वर्षी घोडा पडत्या किमतीत विकला गेला. पायाचा दोष काढण्याच्या नादात डॉक्टरांनी वेग घालवला, हा ठपका त्यांच्यामागे जालन्यापर्यंत आला.

हा ठपका चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. मामांनी घोड्यांना शोभेल असा नर निवडला, बाजाराला शोभेल असा नाही. आणि फार्म तर बाजारावरच चालत होता. सेक्रेटॅरियटसारख्या अलौकिक घोड्याविषयीही वळू म्हणून निराशाच व्यक्त झाली होती. पुढे त्याच्या मुलींच्या पोटी स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी निपजले, तेव्हा त्याचा खरा वाटा लोकांना कळला. पण त्याच्या मालकांना थांबणे परवडत होते. लहान फार्मला मुलींची मुले होईपर्यंत थांबा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? आम्ही असईला मामांना हे विचारले नाही. विचारायला हवे होते का, याचा निर्णय अजून होत नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना बारीक अक्षर दिसत नसे. पावसाळ्यात पुण्याचा हंगाम सुरू झाला की वर्तमानपत्रातला शर्यतींचा मजकूर आम्ही त्यांना वाचून दाखवीत असू. २००६ सालच्या एका रविवारी खालच्या वर्गातल्या एका शर्यतीत तिसऱ्या आलेल्या घोडीचे नाव वाचले. मामांनी तिची वंशावळ पाहायला लावली. बाप कोणी दुसराच. आईच्या बापाच्या जागी त्यांचा घोडा होता.

आम्ही ते दोनदा वाचले. मामा उठून बसले.

"पाय सरळ आहेत का तिचे?"

वर्तमानपत्रात ते छापत नाहीत, असे आम्ही सांगितले. ते म्हणाले, मग पुण्याला जाऊन बघून ये.