खोकड

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्यासाठी फॉक्स म्हणजे कोल्हा. होळीच्या सुट्टीत हिंगोलीजवळ आजोळी गेलो, तेव्हा आबांनी पहाटेच माळावर नेलं. बिळाच्या तोंडाशी मांजराहून जरासा मोठा प्राणी बसलेला.

"कोल्हा!" मी कुजबुजलो.

"खोकड हाय ते. शेपटीचं टोक बघ, काळं. उंदीर खातं, शेताचं राखणदारच."

मी कॅमेरा घेऊन रांगत पुढे सरकलो. आबांनी खांदा धरला. "आत पिल्लं असतील. लई जवळ गेलास तर बिऱ्हाड हलवील ते."

थांबलो. तिथूनच फोटो काढला. मातकट ठिपका आलाय नुसता. होस्टेलवर सगळे विचारतात, "यात प्राणी कुठाय?" मी बोट ठेवून सांगतो, "हे बघ, खोकड."