चौकचा पोटभाडेकरू

चौक हे गाव मुंबई-पुण्याच्या पुष्कळ मंडळींनी पाहिलेले असते. फक्त आपण ते पाहिले आहे, हे त्यांना ठाऊक नसते. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा होईपर्यंत ज्यांनी एस.टी.ने किंवा मोटारीने पुण्याला ये-जा केली, त्यांतले बहुतेक जण पनवेल सोडल्यावर आणि खालापूर येण्यापूर्वी या गावावरून गेलेले आहेत. त्या वेळी कुणी डुलकी घेत असेल, कुणी पुढच्या घाटात पोराला मळमळू नये म्हणून पिशवीत लिंबू शोधत असेल. चौककडे पाहायला सवड कुणाला?

मला ती सवड भरपूर मिळाली. जून २०२२ ते मे २०२३ असे एक वर्ष मी चौकला राहिलो आणि पुढचे नऊ महिने चौकला फेऱ्या घातल्या. राहिलो तो नोकरीसाठी; फेऱ्या घातल्या त्या तीस हजार रुपयांसाठी. आणि खरे सांगायचे, तर गाव मला कळले ते फेऱ्यांतच.

गाव मोठे देखणे. उत्तरेला माथेरानचा लांबलचक डोंगर, त्याच्या अलीकडे इर्शाळगडाचा सुळका, पलीकडे प्रबळगड. इर्शाळच्या सुळक्याला आरपार भोक आहे; आपण त्याला नेढे म्हणतो. जवळच मोरबे धरणाचा जलाशय. त्याचे पाणी नळाने नव्या मुंबईला जाते. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा मुक्काम चौकला पडला होता. संध्याकाळी पाय मोकळे करायला तो समोरचा डोंगर चढून गेला आणि माथेरान साहेबलोकांना सापडले. पुढे १९०७ साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली आणि माथेरानची सारी वर्दळ तिकडे वळली. चौकच्या वाट्याला माथेरानवरचा ‘चौक पॉइंट’ तेवढा उरला. तिथे पर्यटक उभे राहतात, खाली बघतात आणि खालचे गाव कोणते, असे घोडेवाल्याला विचारतात.

शिवछत्रपतींचे सरनोबत नेताजी पालकर हे याच गावचे, असे चौकची माणसे अभिमानाने सांगतात. नेताजी १६६६ साली दुरावले, मोगलांच्या हाती पडले, धर्मांतर होऊन अफगाणिस्तानच्या दिशेला गेले आणि तरीही १६७६ साली स्वराज्यात परत आले. पुढे फेऱ्यांच्या दिवसांत बसस्थानकावर बसलो असताना ही हकिगत मला फार धीर देई. दहा वर्षांनी माणूस काबूलच्या वाटेवरून परत येतो; मग आपले तीस हजार गल्लीच्या टोकावरून का येऊ नयेत?

आता ते तीस हजार कसले, ते सांगतो. मी मराठी शिकवतो, आणि त्या वर्षी दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत होतो. एक कर्जतच्या बाजूचे, दुसरे खोपोलीच्या बाजूचे. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते ज्याच्या घरात असा मास्तर आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याच्या घरात नाही त्याला सांगून पटायचे नाही. घर ठाण्याला, सकाळच्या पहिल्या तासाला रोज तिथून पोचणे अशक्य. चौकहून एक रस्ता कर्जतला फुटतो आणि दुसरा सरळ खोपोलीला जातो. तेव्हा दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याला उभे राहायला हीच जागा सोयीची.

बाजारामागच्या गल्लीत एक कौलारू घर होते. पुढे ओटी, तिला लागून मालक आणि काकू यांच्या दोन खोल्या. पुढच्या कोपऱ्यातल्या खोलीत कारखान्यात जाणारी दोन मुले. आणि मागच्या अंगाला, मोरीसकट, माझी खोली. भाडे साडेचार हजार, अनामत तीस हजार. “पंधरा चेकने द्या, पंधरा रोख दिलेत तर बरं पडेल,” असे मालक म्हणाले. मी दिले. पावती मागण्याचा विचार मनात आला होता. पण त्याच वेळी काकूंनी गरम तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली आणि म्हणाल्या, “भाऊ, आधी खाऊन घ्या.” वाचकहो, भाकरी खात असताना पावती मागण्याचे धैर्य तुम्हांला असेल, तर तुम्ही माझ्याहून थोर आहात.

मालकाबरोबर एकाच छपराखाली राहणे हा एक वेगळाच प्रपंच असतो. तुम्ही दिवा किती वाजता मालवता, ते त्याला ठाऊक असते. त्याचे आणि त्याच्या बायकोचे भांडण कशावरून झाले, ते तुम्हांला ठाऊक असते. मालक मोटर लावून पाणी भरताना माझी बादली आधी भरत. मी रात्री पेपर तपासत बसलो, की काकू भिंतीपलीकडून “भाऊ, डोळे जातील!” असे ओरडत. आषाढात कौलांतून गळू लागले, तेव्हा मी आणि मालक दोघे शिडीवर चढून कौले चाळली. असे वर्ष गेले. मे अखेरीस मला ठाण्यातच काम मिळाले आणि मी खोली सोडली. निघताना काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. अनामतीचे विचारले, तेव्हा मालक म्हणाले, “सर, पुढच्या आठवड्यात.”

तो आठवडा जूनमध्ये आला नाही. जुलैमध्ये “नवा भाडेकरू येतोय, त्याचे आले की तुमचे देतो” असे उत्तर आले. नंतर फोन काकू उचलू लागल्या आणि मालक नेहमी खालापूरला गेलेले असत. इकडे मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. तिथल्या खोलीसाठी अनामत मागत होते किती? तीस हजार. एका अनामतीच्या पोटात दुसरी अनामत अशी माझी अवस्था झाली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी चौकला गेलो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या डोंगरउतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, त्याला तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. ठाकरांची वाडी. २७ जणांचे मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांसाठी चौकजवळ कंटेनरांची तात्पुरती घरे मांडली होती. बसच्या खिडकीतून ती पाहिली आणि मला स्वतःचीच लाज वाटली. ज्यांचे घर, माणसे, गुरे सारे एका रात्रीत गेले, त्यांच्या शेजारून मी तीस हजारांचा तगादा करायला चाललो होतो. क्षणभर वाटले, उलट पावली परतावे. पण मुलीची खोली थांबणार नव्हती. मोठ्या दुःखासमोर आपले लहान दुःख गप्प बसते, हे खरे. पण त्यामुळे लहान देणे फिटत नाही, हेही तितकेच खरे.

फाट्यावरच्या चहावाल्याने माझी मुद्रा पाहून कप पुढे केला आणि सहज म्हणाला, “सर, त्यांच्याकडनं पैसे निघायला वेळ लागेल. घर कुठं त्यांचं आहे? तेच भाड्यानं राहतात. खरा मालक डोंबिवलीला.”

मी चहा पीतच राहिलो. म्हणजे वर्षभर मी ज्यांना ‘मालक’ म्हणत होतो, ते भाडेकरू. आणि मी होतो पोटभाडेकरू!

काय शब्द आहे पाहा! पोटजात, पोटकलम, पोटहिस्सा, पोटनिवडणूक. मोठ्याच्या आत जे लहान, ते आपल्या भाषेत ‘पोट’. आणि ‘अनामत’ हा मूळ अरबी ‘अमानत’. विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेवलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. ती ठेवणाऱ्याची असते, सांभाळणाऱ्याची नव्हे. वर्गात मी हे दोन्ही शब्द खडूने फळ्यावर लिहून फोड केली असती. चौकच्या फाट्यावर त्यांचा अर्थ फुकट कळला.

ठाण्याला परतल्यावर एका वकील मित्राकडे गेलो. तो म्हणाला, “तुझी गोष्ट नवी नाही. आपल्या वडिलांच्या पिढीने मुंबईत अर्धे आयुष्य पोटभाडेकरू म्हणून काढले. ते इतके झाले, की १९४७ च्या भाडेकायद्यात दुरुस्ती करून सरकारला २१ मे १९५९ पूर्वीच्या पोटभाडेकरूंना संरक्षण द्यावे लागले. १ फेब्रुवारी १९७३ ला जागेत असणाऱ्या परवानाधारकांनाही तसेच दिले. त्याची घरमालकांनी धास्ती घेतली. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांचा कागद करायचा आणि अनामत भरभक्कम घ्यायची, अशी रीत पडली. शहरांसाठी १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरतात. तू कागद का नाही केलास?”

“भाकरी खात होतो,” मी म्हणालो.

“निदान चेकचे पंधरा हजार बँकेच्या पुस्तकात दिसतील. दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो. पण आधी पत्र दे.”

मी रात्री जागून चार पानी पत्र लिहिले. त्यात ‘सचोटी’, ‘विश्वासघात’ आणि ‘सहजीवन’ हे शब्द होते. मित्राने ते वाचून बाजूला ठेवले आणि पाच ओळी सांगितल्या. अमुक तारखेस इतके चेकने व इतके रोख दिले. अमुक तारखेस खोली रिकामी करून किल्ली दिली. भाडे व वीजबिल बाकी नाही. रक्कम तीस दिवसांत परत करावी. काही कापायचे असेल, तर काय आणि किती ते लिहून कळवावे. खाली सही. मराठीचा मास्तर असून इतके स्वच्छ मराठी मी कधी लिहिले नव्हते.

“आणि डोंबिवलीच्या मालकाला लिहू का?” मी विचारले.

मित्र जरा थांबला. “तो तुझे काही देणे लागत नाही. तुझा व्यवहार आत राहणाऱ्याशी. पण त्याला कळले, तर संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला, या एका कारणावरून तो म्हाताऱ्यांना बाहेर काढू पाहील. हत्यार तुझ्या हातात आहे. वापरायचे की नाही, ते वकिलाला विचारू नकोस.”

पुढच्या रविवारी पुन्हा चौकला गेलो. मालक घरी होते. ओटीवर बसलो. काकू चहा घेऊन येत होत्या. मालकांनी पुन्हा नव्या भाडेकरूचे पुराण लावले, रंगाचा खर्च सांगितला, नळाची चावी मोडल्याचे सांगितले. माझा तोल गेला आणि मी म्हणालो, “मग मला डोंबिवलीला पत्र टाकावं लागेल.”

काकूंचा हात जागीच थांबला. चहा बशीत सांडला. कुणी काही बोलेना. कौलांवर पाऊस वाजत होता. तीच कौले, जी आम्ही दोघांनी मिळून चाळली होती.

मग मालक खालमानेने बोलले. खोपोलीचा कारखाना बंद पडला तेव्हा हाती फारसे आले नाही. पूर्ण घराचे भाडे परवडेना, म्हणून आतल्या खोल्या दिल्या. डोंबिवलीवाल्याने अनामत वाढवून मागितली. तेव्हा माझी आणि त्या मुलांची अनामत तिकडे गेली. मुले गेली, त्यांचे पैसे माझ्या भाड्यातून फेडले. आता माझे फेडायला कुणी तरी नवा यायला हवा. एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. लबाडी होतीच, पण ती चैनीची नव्हती, पोटाची होती.

मी खिशातले पाच ओळींचे पत्र काढून पुढे ठेवले. म्हणालो, “डोंबिवलीचं बोललो ते विसरा. मी लिहिणार नाही. पण पैसे मला हवेत, मुलीसाठी हवेत. महिन्याला पाच हजार, सहा महिने. लिहून द्या.” मालकांनी वहीचे पान फाडले. दोघांनी सह्या केल्या आणि फाट्यावरच्या चहावाल्याने साक्षीदार म्हणून तिसरी केली. मुलीची अनामत मी पतपेढीतून कर्ज काढून भरली.

सप्टेंबरपासून दर महिन्याला पाच हजार येत गेले. एकदा दोन आठवडे उशीर झाला. पण तो आधी कळवून झाला. आठ महिन्यांत तोंडी “पुढच्या आठवड्यात”ने जे झाले नसते, ते वहीच्या एका पानाने केले. माणूस बदलला नव्हता. कागदामुळे त्याला एक तारीख मिळाली, आणि मला ओरडण्याची गरज उरली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटचा हप्ता घ्यायला मी मुद्दाम स्वतः गेलो. हातात मिठाईचा पुडा होता. मालक बाहेर गेले होते. काकूंनी पाकीट आणून दिले. त्यात चार हजार सहाशे साठ रुपये आणि एक चिठ्ठी होती : ‘वीजबिल, मे महिना, ३४० रुपये वजा.’ बिलही सोबत जोडलेले. त्या चिठ्ठीने मला खरोखर बरे वाटले. हिशेब चोख मिटला होता.

मी पुडा पुढे केला. काकूंनी तो घेतला, देवापाशी ठेवला आणि दारातूनच म्हणाल्या, “मोजून घ्या, साहेब.”

साहेब! वर्षभर त्या घरात मी ‘भाऊ’ होतो. डोंबिवलीचे नाव मी एकदाच काढले होते, आणि विसरा म्हणूनही सांगितले होते. पण तशी वाक्ये कुणी विसरत नसते.

मी पैसे मोजले नाहीत. बसस्थानकावर आलो. इर्शाळचा सुळका उन्हात स्वच्छ दिसत होता. त्याच्या पायथ्याकडे पाहवेना. बस यायला वेळ होता. मनात येत होते, की आपण मध्यमवर्गीय माणसे पहिल्या दिवशी कागद मागायला संकोचतो. समोरच्याला अविश्वास वाटेल, अशी भीती आपल्याला वाटते. जून २०२२ मध्ये, भाकरी खाऊन झाल्यावर, हात धुऊन, मी एवढेच म्हणायला हवे होते : “मालक, एक चिठ्ठी लिहून ठेवू या का?” मालकांना तेव्हाच घराची खरी गोष्ट सांगावी लागली असती. मी कदाचित तरीही राहिलो असतो. खोली चांगली होती, माणसेही चांगली होती. आणि शेवटच्या दिवशी पैसे कमी मिळाले असते किंवा उशिरा मिळाले असते, तरी काकूंनी मला आत बोलावून भाकरी वाढली असती.

अनामत परत मिळाली. तीस हजारांपैकी एकोणतीस हजार सहाशे साठ, आणि उरलेल्याचे बिल. त्या घरात ठेवलेली दुसरी एक अनामत होती. तिची पावती मात्र कुणाकडेच नव्हती.