सुरीवरचा शिक्का

जुनी वस्तु विकत घेणाराच्या मागें दोन चिंता लागतात. वस्तु हातीं येईपर्यंत किंमतीची, आणि हातीं आल्यावर खरेपणाची. त्यांतून ती इंटरनेटवरच्या बाजारांत, न पाहातां घेतलेली असेल, तर ही दुसरी चिंता दुणावते. तेथें दुकानदाराचा चेहरा दिसत नाहीं, वस्तु उलटीसुलटी करून पाहातां येत नाहीं. चार छायाचित्रें आणि विकणाराचे दोन शब्द एवढ्याच भांडवलावर सौदा व्हावयाचा.

मीं अशा रीतीनें नुकतीच स्वयंपाकघरांतील एक सुरी घेतली. पात्यावर दोन जुळ्यांची आकृति, शेजारीं 'सोलिंगेन' हें गांवाचें नांव, आणि त्याखालीं रोमन अक्षरांत 'वेस्ट जर्मनी'. विकणाऱ्या गृहस्थांनीं एवढेंच लिहिलें होतें : "ही माझ्या आईची सुरी. वडिलांनीं 1974 सालीं जर्मनीहून आणली होती." सुरीला किंमत फारशी पडली नाहीं, पण हें वाक्य माझ्या मनांत घर करून बसलें, आणि सुरी खरी आहे कीं नाहीं याबरोबरच तें वाक्य खरें आहे कीं नाहीं हें जाणण्याची उत्कंठा मला लागली.

परीक्षेच्या रूढ रीती सोप्या आहेत. पातें मुठीला मिळतें तेथील जाड भाग मीं भिंगाखालीं धरला. चांगल्या घडीव सुरींत तो पात्याशीं एकजीव असतो. हलक्या नकलेंत तो मागाहून बसविलेला असून सांध्याची रेघ उमटते. येथें रेघ नव्हती. पात्याचें पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलें होतें. अक्षरांच्या कडा वापरानें मऊ झाल्या होत्या, परंतु मोडल्या नव्हत्या. पातें न गंजणाऱ्या पोलादाचें आहे असें त्यावर कोरलेलें होतें. लिंबाचा रस घालून ठेवला तरी डाग पडला नाहीं. 'वेस्ट जर्मनी' हे शब्द 1949 ते 1990 या काळांतलेच असावयाचे. 1974 साल त्यांत बसत होतें. पण या साऱ्या परीक्षांचा निकाल एकच : वस्तु खोटी ठरत नाहीं. ती खरी आहे असें मात्र त्यांतली एकहि परीक्षा छातीवर हात ठेवून सांगत नाहीं.

शिक्क्याचा इतिहास पाहिला तर मोठी मौज वाटते. जुळ्यांचें हें चिन्ह पेटर हेंकेल्स नांवाच्या कारागिरानें सोलिंगेनच्या सुरीकारांच्या संघाकडे 13 जून 1731 रोजीं नोंदविलें. त्या वेळीं आपल्याकडे पहिल्या बाजीरावाची पेशवाई चालू होती. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील शेफील्डच्या सुरीकारांनीं ओरड केली कीं, सोलिंगेनचा माल शेफील्डचें नांव धारण करून बाजारांत येतो. अशा तक्रारींमुळें ब्रिटिश पार्लमेंटनें 1887 सालीं मालावरील चिन्हांचा कायदा केला. 1889 सालीं हिंदुस्थानांतहि तसाच कायदा झाला. आणि ज्या गांवावर हा आरोप झाला, त्याच गांवाचें नांव लोक चोरूं लागले म्हणून 1938 सालीं जर्मनींत खास कायदा करून तें नांव राखावें लागलें ! काल ज्याच्यावर नकलेचा आळ, आज त्याचीच नक्कल.

माझा तरी सारा जन्म शिक्क्यांच्याच व्यवहारांत गेला. विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रांवर सह्या करणें हें माझें काम, आणि माझ्या पदवीवरहि विद्यापीठाचा शिक्काच आहे. आमच्या घरच्या विळीवर मात्र कसलीच खूण नाहीं. ती आईनें बाजाराच्या दिवशीं लोहाराच्या पालापुढें बसून घेतली. विळी बोथट झाली तर पुढच्या बाजारीं तोच लोहार त्याच जागीं सांपडे. घेणारा आणि घडविणारा एकमेकांस ओळखत होते, तोंवर शिक्क्याची गरज नव्हती. माणूस दूर गेला कीं शिक्का त्याच्या जागीं येऊन बसतो. आणि दूरच्या माणसाबद्दल जेवढी शंका घ्यावी तेवढीच त्याच्याहि बद्दल घ्यावी लागते.

चार दिवस माझें हें संशोधन पाहून सौभाग्यवतींनीं सुरी माझ्या हातांतून घेतली, एक कांदा चिरला, आणि म्हणाल्या, "अहो, कापते छान, पण ही मूठ माझ्या हाताला उलटी लागते."

मीं पुन्हा भिंग घेतलें. मुठीच्या लांकडांत अंगठा टेकण्याच्या जागीं झिजून एक उथळ खळगा पडला होता, आणि तो उजव्या अंगास होता. उजव्या हातानें चिरणाराचा अंगठा डाव्या अंगास टेकतो. अनेक वर्षें रोज हाताळल्यावांचून लांकूड असें झिजत नाहीं, आणि नकला करणारास एवढी सवड नसते.

मीं त्या गृहस्थांस लिहिलें, "आपल्या मातोश्री डावखुऱ्या होत्या काय ?"

दुसऱ्या दिवशीं उत्तर आलें, "होत्या. आपणांस कसें कळलें ?"

मीं त्यांना खळग्याची हकीकत कळविली. त्यावर त्यांनीं लिहिलें कीं, इतकीं वर्षें सुरी घरांत होती, पण त्यांच्या लक्षांत तो कधींच आला नव्हता. त्याचें एखादें छायाचित्र पाठवितां येईल काय? मीं तें पाठविलें.

आईची सुरी त्यांनीं कां विकली, हें मात्र मीं विचारलें नाहीं. घेणारास वस्तूच्या खरेपणाची चौकशी करण्याचा अधिकार असतो, त्यापलीकडे नसतो.