माजघरातला संगणक

हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय आमच्या घरात कुणी भाव बोलत नाही. सांगलीच्या बाजारपेठेत तीन पिढ्या अडत करणाऱ्या या घरात मी सून म्हणून आले, तेव्हा पहिला धडा मिळाला तो हाच. संगणकाच्या दुकानात मात्र भलेभले व्यापारी हा धडा विसरतात. समोर भलामोठा पडदा उजळलेला असतो, त्यावर डोंगर आणि समुद्र झळकत असतात, आणि पोत्यात काय भरले आहे हे न पाहताच मंडळी "शेवटचा भाव काय?" असे विचारून मोकळी होतात. गेल्या दिवाळीनंतर आम्ही घरासाठी ऑल-इन-वन संगणक घेतला, म्हणजे ज्याचे सारे यंत्र पडद्याच्या पाठीतच बसवलेले असते असा. त्यानिमित्ताने जे पाहिले आणि पारखले, ते येथे मांडते.

गरज होती माझ्या सासऱ्यांची. आण्णांनी पेढीचा कारभार मुलाच्या हाती दिला त्याला आता सहा वर्षे होतील. पण बँकेतील ठेवी, समभागांवरचा लाभांश, दोन गाळ्यांचे भाडे हा स्वतःचा हिशेब त्यांनी अद्याप स्वतःकडेच ठेवला आहे. पूर्वी पासबुक असे, कागदी पत्रे येत, त्यामुळे काही अडत नसे. आता सारे मोबाइलवर येते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तेथले बारीक आकडे त्यांना नीट दिसत नाहीत. पन्नास वर्षे ज्यांनी आपली खतावणी दुसऱ्यापुढे उघडली नाही, त्यांना आपल्याच खात्यातली शिल्लक नातवाकडून वाचून घ्यावी लागे. नातू हौसेने वाचून दाखवी. आण्णा मान खाली घालून "बरं, बरं" म्हणत, आणि ते पाहणे मला जड जाई. शिवाय येत्या जूनमध्ये नातू शिक्षणासाठी पुण्याला जाईल.

घरात संगणक नव्हता असे नाही. २०१५ साली घेतलेला, टेबलाखाली डबा ठेवायचा, तसा एक होता. परंतु विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. आमचा त्याहून जुना. सुरक्षेची दुरुस्ती आणखी एक वर्ष मिळवण्याची सोय कंपनीने ठेवली आहे, पण ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे त्याला अशी मुदतवाढ देत बसणे मला पटले नाही.

ठरवलेली रक्कम ५५,००० रुपये, तीही यूपीएससह. यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढले, कारण येथे अनेकांची गल्लत होते. ऑल-इन-वनच्या पोटात बहुधा लॅपटॉपचे भाग असतात हे खरे. पण लॅपटॉपची बॅटरी त्यात नसते. वीज गेली की पडदा तत्क्षणी काळा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस त्याला पुरतो. मात्र त्याच यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडू नये, तो एकदम फार वीज ओढतो.

माझा भाचा या विषयातला जाणकार. त्याचे मत आमच्या विरुद्ध होते. तो म्हणाला, "मामी, पडदा दहा वर्षं टिकतो, यंत्र पाच-सहा वर्षांत जुनं होतं. दोघांना एकत्र बांधता कशाला? वेगळा मॉनिटर घ्या आणि त्याच्या पाठीला छोटा मिनी पीसी लावा." हिशेबाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि ज्या घरात असा भाचा हाताशी आहे त्यांनी तसेच करावे, असे मीही सांगेन. आमच्या घरी आण्णांना दुपारी एकट्याने बसायचे होते. एक वायर, एक बटण, आणि बिघडले तर एकाच ठिकाणी फोन, ही त्यांची सोय आम्ही वरचढ मानली. तरीही भाच्याचा मुद्दा विसरले नाही. काही मोजक्या ऑल-इन-वनना एचडीएमआयचे आत येणारे तोंड असते. यंत्र जुने झाले तरी दुसरा संगणक जोडून त्यांचा पडदा वापरता येतो. बहुतेकांना बाहेर जाणारेच तोंड असते. दोन्ही दिसायला अगदी सारखी, म्हणून "इन की आउट?" हे स्पष्ट विचारावे लागते.

आता हळकुंड मोडण्याचा भाग. प्रोसेसरचे नाव वाचताना "आय-३" किंवा "रायझेन ५" एवढ्यावर थांबू नये. पुढचे आकडे आणि शेवटचे अक्षर यांतच खरी प्रत दडलेली असते. टेबलाखालच्या डब्यातला आय-३ १२१०० आणि ऑल-इन-वनमधला आय-३ १२१५यू, दोन्ही बाराव्या पिढीचे; पण पहिल्याची मूळ वीजमर्यादा ६० वॉट, दुसऱ्याची १५. 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारा. घरकामाला तो उत्तम, तापही कमी. मात्र "डेस्कटॉपसारखाच आहे" असे कुणी म्हणाले तर मान डोलावू नये. दुसरे उदाहरण रायझेन ५ ७५२०यू चे. पहिला अंक ७ पाहून माल ताजा वाटतो. तो विक्रीचे वर्ष सांगतो. आतल्या रचनेची पिढी तिसरा अंक सांगतो. येथे तो २ आहे, आणि झेन २ ही रचना २०१९ साली आलेली. जुने धान्य नव्या पोत्यात भरण्यातलाच हा प्रकार! पत्रे लिहिण्यापुरते ते धान्य वाईट नाही. पण या प्रोसेसरसोबतची रॅम पाटावरच डाख देऊन बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही.

रॅमबाबत माझा आग्रह तेवढाच होता. आज ८ जीबी चालेल, परंतु दुसरा स्लॉट रिकामा हवा. विक्रेत्याला हे ठाऊक नव्हते. त्याने कंपनीच्या माहितीपत्रकात शोधून दाखवले, तोवर आम्ही चहा घेतला. साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी घेतली. त्याच किमतीत १ टीबीची फिरती हार्ड डिस्क कुणी देऊ केली तरी मोठ्या आकड्याला भुलू नये, सुरू व्हायलाच ती जीव काढते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पडद्यात. पत्रकावर सगळ्यांचे एकच लिहिलेले, २३.८ इंच आणि १९२० गुणिले १०८०. म्हणून मी आण्णांना दुकानात घेऊन गेले आणि पेन ड्राइव्हवर त्यांच्याच खात्याचा जुना उतारा नेला. डोंगर-समुद्र बाजूला सारून तो उतारा उघडला, अक्षरे दीडपट केली आणि त्यांना खुर्चीवर बसवले. पहिला पडदा चकचकीत होता. आण्णा म्हणाले, "सूनबाई, यात मला माझंच तोंड दिसतंय, रक्कम दिसत नाही." आमच्या माजघराला समोरच खिडकी, म्हणून झळाळी नसलेला पडदाच हवा हे तेथेच ठरले. आयपीएस प्रकारचा असल्यामुळे तो बाजूने पाहिला तरी रंग फिके पडत नाहीत. स्वस्त ऑल-इन-वनचा पडदा पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही, हेही बसून पाहिल्यावर कळले. दुहेरी काचांचा चष्मा वापरणारा माणूस जवळचे वाचताना खालच्या काचेतून पाहतो. पडदा उंच असेल तर त्याला हनुवटी वर करून बसावे लागते, मग मान दुखते. आम्ही टेबलाच्या पायांतून तीन इंच कापून घेतले. सुताराने आधी विचारले, "वहिनी, नक्की ना?"

कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग हवा. सोबत मिळणाऱ्या नाजूक, बिनतारी कीबोर्डना तो पुष्कळदा नसतो. आयुष्यभर कॅल्क्युलेटर चालवलेली बोटे वरच्या ओळीतले आकडे शोधत नाहीत; आम्ही वायरचा साधा कीबोर्ड मागून घेतला.

राहिले बिल. रक्कम ५१,००० रुपये, त्यात १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे ७,७८० रुपये जीएसटी. यजमानांचे म्हणणे पडले की बिल पेढीच्या नावाने घ्यावे, कर वळता होईल. टॅलीवर पेढीचे हिशेब मीच लिहिते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत आला. व्यवसायासाठी वापरलेल्या वस्तूवरच ही सवलत मिळते. वापर मिश्र असेल तर व्यवसायाच्या वाट्यापुरतीच. हा संगणक माजघरात राहणार, त्यावर पेढीचे एकही चलन निघणार नाही. मी काही बोलण्याआधी आण्णाच म्हणाले, "घरचा माल घरच्या वहीत." बिल त्यांच्या नावाने झाले आणि पैसेही त्यांनीच दिले. ज्यांना घरच्या यंत्रावर दुकानाचे कामही करायचे आहे, त्यांनी सोबत आलेल्या ऑफिसच्या अटी वाचाव्यात. 'होम अँड स्टुडंट' आवृत्ती व्यापारी वापरासाठी नसते.

नातवाने सर्वांची वेगवेगळी खाती करून दिली. आण्णा रोज दुपारी चारला बसतात, आधी चष्मा पुसतात, मग पडदा. जानेवारीचे गाळ्याचे भाडे ११ तारखेपर्यंत जमा झाले नव्हते, हे त्यांनी स्वतः पाहिले आणि भाडेकरूला स्वतःच फोन केला. पासवर्ड त्यांनी कुणाला सांगितलेला नाही, नातवालाही नाही.