केबलच्या टोकाला कॅमेरा

डिजिटल कॅमेऱ्याची यूएसबी केबल बहुतेक घरांत फोटो उतरवून घेण्यापुरतीच बाहेर निघते. त्याच केबलवरून संगणक कॅमेऱ्याला हुकूमही देऊ शकतो: झूम इतका ठेव, फोटो काढ, काढलेली फाइल इकडे पाठव. महागड्या कॅमेऱ्यांना ही सोय कंपनीच देते. खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांतून ती पुढे पुढे गायब झाली, आणि म्हणूनच ती परत मिळवण्याची कला तयार झाली.

कॅमेरा आणि संगणक यांच्या संवादाची ठरलेली रीत म्हणजे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल, थोडक्यात पीटीपी. २००० साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढे आयएसओ १५७४० या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक बनली. जोडणी होताच संगणक कॅमेऱ्याला काय काय येते ते विचारतो आणि कॅमेरा आपल्याला कळणाऱ्या आज्ञांची यादी पाठवतो. फोटो काढण्याची आज्ञा त्या यादीत नसेल, तर या मार्गाने शटर उडत नाही. लिनक्सवरचा जीफोटो-टू हा मोफत प्रोग्रॅम ही माहिती वाचून दाखवतो. जुना कॅमेरा विकत घेण्याआधी या प्रोग्रॅमच्या यादीत त्याचे नाव आहे का, एवढे पाहून भागत नाही. पुष्कळ मॉडेलांच्या बाबतीत त्या नावाचा अर्थ फोटो उतरवून घेता येतात, इतकाच असतो.

कॅननच्या पॉवरशॉट मालिकेत ए६२०, ए६४० अशा मॉडेलांना संगणकावरून फोटो काढायला सांगता येत असे. २००८ सालच्या आठ मेगापिक्सेलच्या ए५९० मध्ये ती सोय नाही. अशा कॅमेऱ्यांत हौशी प्रोग्रॅमरांनी तयार केलेले सीएचडीके हे सॉफ्टवेअर कामी येते. फर्मवेअरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ सॉफ्टवेअरला, ते हात लावत नाही. कार्डावरून कॅमेऱ्याच्या मेमरीत चढते आणि कॅमेरा बंद केला की उतरते, त्यामुळे कॅमेरा कायमचा बदलत नाही. अट एकच, पण कडक: मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती या दोन्हींशी जुळणारीच फाइल हवी. १.०० साठी बनवलेली फाइल १.०१ वर चालेल असे धरून चालू नये.

सीएचडीके आपोआप चढवण्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. एसडी कार्डाच्या कडेला लिखाण रोखणारी छोटी सरकपट्टी असते. ती 'लॉक' बाजूला असली की कॅमेरा कार्डाच्या बूट सेक्टरमध्ये 'बूटडिस्क' ही अक्षरे शोधतो. ती सापडली की कार्डावरची ठराविक फाइल चालू करतो. कार्ड लॉक असूनही फोटो त्यावर लिहिले जावेत, याची तजवीज सीएचडीकेने केलेली असते. जुन्या मॉडेलांत ४ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड वापरले की काम सरळ होते.

सीएचडीके चढले की संगणकावरच्या सीएचडीके-पीटीपी या प्रोग्रॅमला दार उघडते. केबल लावताच कॅमेरा फोटो दाखवण्याच्या अवस्थेत जातो, म्हणून पहिला हुकूम त्याला फोटो काढण्याच्या अवस्थेत आणण्याचा. लेन्स बाहेर येते आणि पुढचे सारे लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या लहान लहान आज्ञांनी चालते. इथे आकड्यांची एक सुंदर पद्धत भेटते. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला, म्हणजे एक स्टॉप बदलला, की आकडा ९६ ने बदलतो. एफ/४ म्हणजे ३८४, एफ/५.६ म्हणजे ४८०. शटर १/३२ सेकंद म्हणजे ४८०, १/६४ म्हणजे ५७६. ही पद्धत हाताला बसली की एक तृतीयांश स्टॉप वाढवायचा म्हणजे ३२ मिळवायचे किंवा वजा करायचे, इतके ते सोपे होते.

बटण न दाबता फोटो निघतो, हा या खटाटोपाचा किरकोळ लाभ. खरा लाभ हा की पहिल्या आणि चारशेव्या फोटोत झूम, फोकस, छिद्र, शटर काहीही बदलत नाही. म्हणून जुनी पुस्तके उतरवून घेण्याच्या कामात या जोडणीचे चीज होते. अमेरिकेत डॅनियल रीट्झ यांनी २००९ मध्ये घरी बनवता येणाऱ्या पुस्तक-स्कॅनरची रचना सर्वांसाठी खुली केली, तीही स्वस्त कॅमेऱ्यांच्या जोडीवरच उभी होती. मराठी मासिकांचे बांधीव अंक सपाट स्कॅनरवर उलटे दाबले की शिवण तुटते आणि ठिसूळ कागदाच्या कडा झडतात. अर्धवट उघडलेले पुस्तक पाळण्यासारख्या आधारावर ठेवून वरून व्ही आकाराची काच टेकवली की दोन्ही पाने सपाट होतात आणि पुस्तकावर ताण येत नाही. काचेमुळे पान दर वेळी त्याच अंतरावर येते, म्हणून फोकस एकदा छापील ओळींवर बसवून कुलूपबंद करता येतो.

ए५९० च्या फोटोची लांब बाजू ३२६४ पिक्सेलची. २१ सेंटिमीटर उंचीचे पान चौकटीत काठोकाठ भरले तर इंचाला सुमारे ३९० पिक्सेल मिळतात. ए४ पानाला २८० च्या आसपासच. देवनागरीला ही काटकसर परवडत नाही. बारीक टाइपातला अनुस्वार आधी पुसट होतो, मग रफार, आणि अक्षर-ओळख करणारा प्रोग्रॅम 'नदीत' आणि 'नदींत' यांत गोंधळतो. मोठ्या पानासाठी जास्त पिक्सेलचा कॅमेरा घेणे हाच सरळ उपाय.

दिव्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/१०० सेकंदाहून वेगवान असले की एक पान उजळ, दुसरे काळपट येते. १/५० सेकंद, म्हणजे ५४२ हा आकडा, दोन पूर्ण चढउतार पोटात घेतो. कॅमेरा पक्का बसवलेला असल्याने इतके मंद शटर निर्धास्त वापरता येते.

समोरासमोरच्या दोन पानांसाठी दोन कॅमेरे लावतात: डावा कॅमेरा उजवे पान टिपतो, उजवा डावे. दोन्ही एकदम उडवण्याची सीएचडीकेमधली जुनी पद्धत फार साधी आहे: यूएसबीच्या तारेत ५ व्होल्ट आले की कॅमेरा सज्ज होतो, गेले की फोटो काढतो. एकाच बटणावरून दोन तारा नेल्या की झाले. सीएचडीके-पीटीपीने हुकूम दिला तर मात्र फाइल थेट संगणकावर येते आणि पान लगेच पडद्यावर तपासता येते. हीच पद्धत बरी, कारण चुकलेले पान पुस्तक समोर असतानाच पुन्हा काढता येते. उजवीकडची पाने विषम, डावीकडची सम. दोन्ही फोल्डर या क्रमाने एकत्र विणायचे.

पेन्सिल सेल या कामात पुरत नाहीत. वीज मध्येच गेली तर लेन्स बाहेरच अडकते, सीएचडीके मेमरीतून उतरते आणि फोकसपासून सगळे पुन्हा बसवावे लागते. ए५९० ला ३.१५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो.